घोट

"पाण्याचा घोट तोंडात धरा. मी म्हणेन तेव्हाच गिळा." रुग्ण स्टुलावर, मी पाठीमागे, बोटं गळ्यावर. घोट उतरताना गाठ वर सरकली, की ती बहुधा थायरॉइडची. ही ग्रंथी श्वासनलिकेला बिलगलेली, म्हणून गिळताना तिच्यासोबत उठते. सोनोग्राफी आली तरी मी हे सोडलेलं नाही. गुळगुळीत गाठ कोणती आणि दगडासारखी चिकटून बसलेली कोणती, हे बोटांना कळतं. समोरच्याची भीतीही कळते.

अंबडला नवरात्रात मत्स्योदरी देवीला जायचं म्हणून बाया आरशासमोर पोत घालतात आणि आवाळू नजरेला पडतं. दसऱ्यानंतर माझ्याकडे येतात. "गाठ म्हंजी क्यान्सरच ना, साहेब?" शंभरातल्या नव्वदांहून अधिक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे मी सांगतो. लगेच पटत नाही.

एकेकाळी मलाही धीर नव्हता. एका मावशींच्या 8 मिलिमीटरच्या गाठीत मी सुई घातली. अहवाल आला, पॅपिलरी कर्करोग. घाबरून त्याच आठवड्यात शहरात ऑपरेशनला पाठवलं. स्वरयंत्राची नस ग्रंथीच्या मागूनच जाते, जाड दोऱ्याएवढी. ती दुखावली. काकड्याला पहिला अभंग उचलणाऱ्या मावशींचा आवाज बसला तो बसलाच.

जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयात 1993पासून अशा सेंटिमीटरच्या आतल्या कर्करोगांवर नुसती नजर ठेवत होते. 2014 साली त्यांनी 1235 रुग्णांचा हिशेब मांडला. या रोगाने एकही दगावला नव्हता. त्याच वर्षी दक्षिण कोरियाचे आकडे आले: सरसकट सोनोग्राफीमुळे 1993 ते 2011मध्ये निदानं पंधरापट, मृत्यू मात्र तेवढेच. ते वाचताना मला मावशींचा काकडा आठवत होता.

गाठ टणक असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज बदलला असेल, मानेत अवधाण असेल, तर मी एक दिवसही दवडत नाही. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी तिथेच लिहितो.

मावशी अजून येतात. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी, चहा अर्ध्या तासाने, सगळं चोख. परवा सुनेला घेऊन आल्या. "हिच्याबी गळ्याला बघा. पर आधी नीट बघा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

मी सुनेच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तिच्या पाठीमागे उभा राहिलो.