सायकलीची वाट

गेल्या जून महिन्यांत आठवींतील एक विद्यार्थी हात गळ्यांत बांधून वर्गांत आला. आदल्या सायंकाळीं पुण्याच्या बाजीराव रस्त्यानें घरीं जात असतां कडेस उभ्या असलेल्या एका मोटारीचें दार अकस्मात् उघडलें व तो सायकलीसह खालीं पडला. मागून येणारी बस वेळींच थांबली, म्हणूनच अनर्थ टळला. मी त्यास म्हणालों, "बाळ, यापुढें सायकल आणूं नकोस." त्यानें नम्रपणें विचारलें, "सर, मग शाळेंत कसा येऊं? बाबा पहांटेच कामावर जातात." या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. सायकलीच्या व्यायामाचे गुण वर्गांत गाणारा मीच, आणि सायकल सोड म्हणणाराही मीच!

एके सायंकाळीं त्याच्या वाटेनें मी स्वतः सायकलीवर गेलों. मुलाचें घर शिवाजी रस्त्यालगत आहे. तो रस्ता उत्तरेकडे एकेरी असल्यामुळें परततांना दक्षिणेकडे जाणारा बाजीराव रस्ता धरावा लागतो. म्हणजे मुलानें नियम पाळला, आणि त्या नियमानेंच त्यास बस व उभ्या मोटारी यांच्या मधल्या हातभर जागेंत लोटलें. शहरांत इतरत्र कांहीं रुंद रस्त्यांवर सायकलींसाठीं निराळे पट्टे आहेत. परंतु त्यांवर वाहनें उभीं असतात, आणि चौक आला कीं पट्टा नाहींसा होतो. जेथें धोका अधिक तेथेंच वाट संपावी, यास योजना कसें म्हणावें?

एके काळीं सायकलींचें शहर म्हणून पुण्याचा लौकिक होता. महानगरपालिकेनें २०१७ सालीं सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. परंतु पेठांतील रस्ते रुंद करावयाचे तर जुने वाडे पाडावे लागतील, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर नेदरलँड्स देशांतील ग्रोनिंगन शहरानें १९७७ सालीं दिलें. तेथें मध्यवस्तीचे चार भाग केले. एका भागांतून दुसऱ्या भागांत मोटारीनें थेट जातां येत नाहीं. बाहेरच्या वर्तुळमार्गानें वळसा घ्यावा लागतो. सायकलस्वार मात्र सरळ जातो. आरंभीं व्यापाऱ्यांनीं विरोध केला. तरी योजना टिकली.

आमच्या पेठांतही मोठ्या रस्त्यांलगतच्या गल्ल्या निवडून त्यांत सायकलींस दोन्ही दिशांनीं मोकळीक द्यावी, मोटारींस तेथील रहिवाशांपुरताच प्रवेश ठेवावा, एका बाजूचीं उभीं वाहनें हलवावीं, आणि चौकांत सायकलस्वारांस प्रथम सुटूं द्यावें. म्हणजे वाट अखंड राहील. यांत दुकानदारांची थोडी गैरसोय आहे, हें मी जाणतों. पण मुलाच्या मोडलेल्या हाताशीं तिची तुलना होऊं शकत नाहीं.

आतां तो हात बरा झाला आहे. मीं माझी आज्ञा परत घेतली, आणि शाळा सुटल्यावर त्याच्या घरापर्यंत मी सायकलीनें सोबत जातों. परंतु एका शिक्षकाची सोबत म्हणजे रस्ता नव्हे. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी नगरसेवक होईल. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वीं, तेरा वर्षांच्या मुलास त्या रेघेवरून एकटें घरीं पाठविण्यास आपलें मन धजेल काय, एवढेंच स्वतःस विचारा.