उजवा खालचा कोपरा

मुलांचं मासिक आधी जातं ते उजव्या खालच्या कोपऱ्यात. थुंकी लावलेलं बोट तिथंच टेकतं. पिनेचा गंज काढता येतो, घडीवर फाटलेलं पान जपानी टिश्यूनं सांधता येतं. हा कोपरा मात्र झिजून नाहीसाच होतो. आजवर मी तो भरून देत आलो, रंग जुळवून, असा की पाहणाऱ्याला जोड सापडू नये. आणि सापडला नाही की मीच बोट ठेवून दाखवायचो.

मुलांच्या मासिकांचा आमचा संग्रह इतकी वर्षं ट्रंकांतून शाळाशाळांत फिरला, मुलांनी हाताळला. आता त्याला कायमची जागा मिळते आहे, काचेच्या कपाटांसह. माझ्याकडे शिकणारी मुलगी म्हणाली, "सर, काचेआडच्या पानाला कोपरा कशाला? कुणीतरी वाचलं याची तेवढीच तर खूण आहे."

राग आला. पण वा. गो. आपट्यांनी १९०६ साली सुरू केलेल्या 'आनंद'चा एखादा जुना अंक कोराकरकरीत हाती आला, तर मलाही तो मुलांपासून कुलपात ठेवलेला वाटतो. कायमच्या जागेचं म्हणाल, तर न्यूकॅसलच्या 'सेव्हन स्टोरीज' या बालपुस्तकांच्या संग्रहालयानं २००५ साली एका जुन्या व्हिक्टोरियन गिरणीत घर केलं. तिथली शान लेखक-चित्रकारांच्या मूळ कागदांची. आमच्याकडे आहेत ते वाचून वाचून मळलेले अंक.

तरी कड उघडी सोडली तर ठिसूळ कागद तुटतच जाणार. म्हणून हल्ली मागून टिश्यू लावतो आणि तो झिजलेल्या कडेवरच थांबवतो. केसभर पुढे गेला तर दिसतो, मागे राहिला तर कड सुटते. खळ जवळपास कोरडी हवी, नाहीतर वृत्तपत्री कागदावर तपकिरी रेघ उठते. माझा हात आता थरथरतो. तिचा नाही. कठीण पानं तिच्याकडे जातात. सोपी आहेत असं सांगून देतो.

कटिंग मशीनवर तिन्ही बाजू छाटून 'नवं' पुस्तक देणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. खळीत मोरचूद घालणाऱ्यांबद्दलही. कसर लागत नाही खरी, पण तांबं कागदच खातं. 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीनं ऑनलाइन ठेवले, उत्तम केलं. पण बोटाखाली पातळ झालेला कागद पडद्यावर कळत नाही.

नव्या जागेसाठी मी तीन अटी घातल्या. उजेड ५० लक्सच्या वर नको. पावसाळ्यात दमटपणा मोजणारं यंत्र हवं. पाटीवर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव हवं. पहिल्या दोन लगेच मान्य झाल्या. तिसरीत तिचंही नाव घालावं लागेल, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.