अलिफ, अ आणि प्लॅन नाईन

माझ्या घरी दोन जुने संगणक आहेत. मामेभावाच्या दुरुस्तीच्या दुकानात ते भंगारात निघाले होते. दोन्हींवर मी 'प्लॅन नाईन' नावाची कार्यप्रणाली चालवते. शाळेतल्या सहशिक्षिका विचारतात, "बाजी, त्यावर एक्सेल चालतं का?" चालत नाही. ब्राउझरही धड नाही. "मग फायदा काय?" उर्दू माध्यमात शिकवणारी बाई मराठीत का लिहिते, हेही मला याच सुरात विचारले जाते. त्यामुळे सवय आहे.

प्लॅन नाईनचा जन्म अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये झाला. युनिक्स घडवणारे केन थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक वगैरे मंडळींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती संशोधनासाठी रचायला घेतली. नाव घेतले ते एका भिकार म्हणून गाजलेल्या सिनेमावरून! टेबलावरचा संगणक म्हणजे नुसते टर्मिनल, फायली दुसऱ्या संगणकावर आणि जड कामे तिसऱ्यावर, अशी मांडणी. कुठल्याही टेबलाशी बसा, आपले नाव सांगा, आपला सगळा पसारा समोर हजर.

माझ्याकडे तिसरा संगणक नाही. आतल्या खोलीतला फायली सांभाळतो आणि स्वयंपाकघरालगतच्या, डिस्क नसलेल्या टर्मिनलवर मी बसते. फायली सांभाळणारा संगणक रोजच्या रोज सगळ्याची प्रत जपून ठेवतो. 'यस्टरडे' अशी आज्ञाच आहे. ती दिली की फाइल काल कशी होती ते कळते. चाचणीचे गुण लिहून ठेवणाऱ्या शिक्षिकेला याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण मी या प्रणालीपाशी आले ते अक्षरांमुळे. माझ्या लहानपणी उर्दूचे टंकन एका सॉफ्टवेअरमध्ये आणि मराठीचे दुसऱ्याच फॉन्टात होई. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की नुसती भुताटकी दिसे. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, थॉम्प्सन यांनी पाइक यांच्यासमोर यूटीएफ-८ ची रचना मांडली. काही दिवसांतच अख्खी प्लॅन नाईन तिच्यावर आणली गेली. जगातल्या सगळ्या लिप्या एकाच साध्या फाइलीत, आणि जुन्या इंग्रजी फायलींना धक्काही नाही. इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दूच्या अलिफला दोन, आपल्या 'अ'ला तीन. आज मोबाइलवर आपण जो मजकूर पाठवतो, तो बहुतेक याच रचनेत जातो.

आता गंमत बघा. हीच प्लॅन नाईन उर्दू नीट दाखवू शकत नाही! अरबी अक्षरांचा फॉन्ट लावला तरी ओळ डावीकडून सुरू होते आणि अक्षरे एकमेकांना जोडली जात नाहीत. 'किताब' लिहिले की काफ, ते, अलिफ, बे अशी चार सुटी अक्षरे उलट्या रांगेत उभी. मराठीचीही गत तीच. जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. भाचीने पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, "खाला, ये तो उलटा क़ायदा है!" खरेच, पहिलीच्या क़ायद्यात अक्षरे अशीच सुटी असतात. तीच फाइल मोबाइलवर घेतली की अक्षर न् अक्षर जागेवर! आत सगळे शाबूत असते, फक्त दाखवण्याचे काम कर्त्यांनी अर्धे सोडले.

२०२१ मध्ये प्लॅन नाईन तिच्या नावाने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाकडे गेली आणि एमआयटी परवान्यावर मिळू लागली. त्याआधीपासूनच, २०११ पासून, काही हौशी लोक तिची 'नाईनफ्रंट' ही आवृत्ती चालवतात. मी तीच वापरते. उर्दू ओळ उजवीकडून मांडणारा, अक्षरे जोडणारा एक छोटा प्रोग्राम मी सी भाषेत लिहायला घेतला आहे. लाम-अलिफ जुळले. दोचश्मी हे अजून जुळत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा बसेन.