रामलिंगच्या रानातील वाट

भवानी पेठेत आमचे घर आहे. पहाटे डोळे उघडण्यापूर्वी मागाचा खडखडाट कानी पडावा आणि रात्री त्याच नादावर झोप लागावी, असा आमच्या आळीचा क्रम. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलास रानाची ओढ कोठून लागली, हे आमचे आम्हांसच कोडे आहे. कोजागिरीच्या सुमारास हजारो यात्रेकरू पायी तुळजापुरास निघतात. त्यांस पाहता पाहता, त्या रस्त्याच्या पलीकडे असलेले बालाघाटचे डोंगर आपणही पाहावे, असे लहानपणापासून वाटत आले, एवढे खरे.

गेल्या मार्गशीर्षात तो योग आला. आमचा मावसभाऊ, ज्यास आम्ही दादा म्हणतो, महाविद्यालयात शिकतो व डोंगरी सायकल चालवितो. ही सायकल नेहमीच्या सायकलीहून निराळी. टायर रुंद व खोल खाचांचे, पुढच्या चिमट्यात धक्का शोषणाऱ्या स्प्रिंगा, आणि चढासाठी हलके गिअर. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जड सायकली टॅमलपाइस डोंगरावरून खाली पिटाळू लागले, तेथून या खेळाचा उगम झाला. तेथे १९७६ साली सुरू झालेल्या एका शर्यतीस 'रीपॅक' असे नाव पडले. कारण उतारावर ब्रेक इतके तापत की चाकाच्या तुंब्यातील वंगण जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. पुढे वीस वर्षांनी, १९९६ साली, अटलांटा येथील ऑलिंपिकमध्ये या खेळास स्थान मिळाले.

दादाने सांगितले की, शाळेतल्याप्रमाणे रानवाटांच्याही इयत्ता असतात. परदेशी सोप्या वाटेवर हिरवे वर्तुळ, मध्यम वाटेवर निळा चौकोन आणि कठीण वाटेवर काळी चौकट अशा खुणा लावतात. मध्यम वाट सुमारे दोन फूट रुंद असते, आणि तिच्यावर सुमारे आठ इंच उंचीपर्यंतचे दगड व मुळे ओलांडावी लागतात. येडशीजवळच्या रामलिंगच्या रानात अशा खुणा कोठून असणार! परंतु तेथील वाट मध्यमच समजावी, असे त्याचे मत पडले.

बीडला चादरींचे गठ्ठे घेऊन निघालेले मामा आम्हां दोघांस टेम्पोतून येडशीस सोडणार होते. दादाने एका मित्राची सायकल आमच्यासाठी मागून आणली. घरी मात्र आम्ही सांगितले, "मामांबरोबर तुळजापुरास जाऊन येतो." तुळजापूर वाटेवरच होते, तेव्हा आपण खोटे बोललो नाही, अशी आम्ही मनाची समजूत घातली. आईने वाटखर्चास पैसे दिले, तेव्हा तिच्या डोळ्यांकडे मात्र आम्हांस पाहवले नाही.

रामलिंगचे रान १९९७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यामुळे येडशीस वनकर्मचाऱ्यांस विचारून, त्यांनी दाखविलेल्या गाडीवाटेनेच आम्ही निघालो. दोन्ही बाजूंस पळस व साग, मधून मधून काळा कातळ डोके वर काढलेला, आणि खाली दरीत रामलिंगाचे देऊळ. रावणाशी जटायू येथेच झुंजला, अशी आख्यायिका सांगतात. झाडांवरून वानरे आमच्याकडे पाहत होती. मागाच्या नादास सरावलेल्या कानांस ती शांतता प्रथम भयंकर व मग फार गोड वाटली.

उतार लागण्यापूर्वी दादा थांबला व म्हणाला, "अरे, दगडाकडे पाहू नकोस, दगडाच्या पलीकडच्या वाटेकडे पाहा. नजर जाते तिकडे चाक जाते. वळणाच्या आधी वेग कमी कर. दोन्ही ब्रेक हलक्या हाताने धर, आणि जमणार नाही असे वाटले तर उतरून चाल. उतरण्यात कमीपणा नाही."

पहिला उतार उत्तम पार पडला. आणि तेथेच आमचा घात झाला. दादाच्या पुढे जावे, अशी दुर्बुद्धी आम्हांस झाली. वळणावर वाळलेल्या पानांखाली मुरूम होता, तो दिसला नाही. दिसला तो एक काळा दगड. पाहू नये तेथेच नजर खिळली. घाबरून आम्ही पुढचा ब्रेक आवळला. चाक घसरून दगडावर आदळले व आम्ही मुरमावर. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. कोपर सोलून निघाले. सायकलीच्या दोन तारा तुटल्या आणि चाक वेडेवाकडे डोलू लागले.

ती सायकल ढकलीत आम्ही येडशीस आलो. तेथील कारागिराने नव्या तारा घातल्या, थोडा आऊट काढला आणि म्हणाला, "घरी पोचाल इतके झाले आहे." दादा एक शब्दही बोलला नाही. तो रागावला असता तर बरे, असे आम्हांस वाटत राहिले.

रात्री वडिलांनी कोपराची पट्टी पाहिली व विचारले, "तुळजापुरास पडलास काय?" उत्तर तयार होते, पण जिभेवर येईना. आम्ही सर्व काही सांगून टाकले. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सायकल उलटी करविली, आणि मागावरचा ताणा तपासावा तसे नखाने एकेक तार छेडून पाहू लागले. "ही ढिली आहे," ते म्हणाले. "ढिली तार आपला भार उचलीत नाही. तो शेजारच्या तारेवर पडतो, आणि मग तीही तुटते. ताण सगळ्यांवर सारखा हवा." ते चाकाविषयीच बोलत होते, परंतु आईचा विश्वास, दादाची मैत्री, मित्राची वस्तू, या सर्वांवर आपला भार टाकणारी ढिली तार कोणती, हे आम्हांस कळले.

पुढे दोन महिने शाळा सुटल्यावर आम्ही कांड्या भरल्या व त्या मजुरीतून मित्राच्या सायकलीस नवे चाक बसवून दिले. फाल्गुनात पुन्हा रामलिंगास गेलो, तो आईवडिलांस सांगून. त्याच वळणापाशी पोचताच दगड दिसला. आम्ही आधीच वेग आवरला, पण छातीत धडधड होऊ लागली, म्हणून उतरून सायकल हाती धरली आणि ते वळण चालत पार केले. पुढील उतार मात्र दृष्टी दूर ठेवून सायकलीवरूनच उतरलो. खाली देवळापाशी दादा वाट पाहत होता. त्याने पाठीवर थाप मारली व विचारले, "घरी काय सांगून आलास?"

"रामलिंगास जातो म्हणून," आम्ही म्हणालो.