वीस वर, पंचवीस खाली

जेसीबी खोदायला लागला की रस्त्याकडेला माणसं जमतात. २०१९ साली तर त्या बघ्यांवरच देशभर विनोद फिरले. ग्रेडर बघायला मात्र कुणी थांबत नाही. थांबून दिसणार तरी काय? लांबलचक धडाचं एक पिवळं यंत्र, त्याच्या पोटाखाली तिरकं धरलेलं लोखंडी पातं, आणि संथ लयीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत येरझाऱ्या. खड्डा पडत नाही, ढीग उभा राहत नाही. जे काही घडतं ते मिलिमीटरमध्ये.

मराठवाड्यातल्या एका रस्त्याच्या कामावर असाच एक ऑपरेटर आहे, पन्नाशीकडे झुकलेला. साईटवर सगळे त्याला उस्ताद म्हणतात. घर शेतकऱ्याचं, त्यामुळे लहानपणी बैलांमागे कुळव धरलेला. कुळवाची फास जमिनीत किती शिरावी हे रुमण्यावरच्या हाताच्या भारावर ठरतं. भार जरा वाढला की बैल अडतात, कमी झाला की फास नुसती वर तरंगते. ग्रेडरवर पहिल्यांदा बसला तेव्हा त्याला हे सगळं ओळखीचं वाटलं होतं. पण कुळवामागचा माणूस चालतो, पायांनी जमीन चाचपतो. ग्रेडरमध्ये जमीन कळते ती बुडाखालच्या सीटमधून. इंजिनाचा आवाज किती जड झाला, पात्यावरून माती सळसळत सरकतेय की गोळा होऊन अडकतेय, यावरून तो पुढचं ठरवतो. काचेतून पातं दिसतं, पण त्याच्या म्हणण्यानुसार नुसतं पात्याकडे बघणारा ऑपरेटर कच्चा.

यंत्राची रचना हुशारीची आहे. पुढे दोन चाकं, मागे चार, आणि साधारण १२ ते १४ फुटांचं पातं त्यांच्या मधोमध. पुढचं चाक चार इंच उंचवट्यावर चढलं, तर मधलं पातं दोनेक इंचच उचललं जातं. म्हणजे एका फेरीत उंचवटा निम्मा, दुसऱ्या फेरीत त्याच्याही निम्मा. सपाटपणा असा यंत्राच्या लांबीतूनच येतो. मात्र मागची चाकं धावतात ती पात्याने नुकत्याच कापलेल्या जमिनीवर. पातं जास्त खोल गेलं की मागची चाकं त्या खोलगटात उतरतात, पातं आणखी खाली जातं. ऑपरेटरने घाबरून ते एकदम उचललं की पुढे उंचवटा तयार. त्यात वेग जास्त असेल तर यंत्र उसळ्या मारायला लागतं आणि बेड, म्हणजे सपाट करायचा तो थर, पन्हळी पत्र्यासारखा होतो. स्वतःच केलेल्या चुकीवरून स्वतःलाच गाडी चालवावी लागते, असा हा धंदा. नवी पोरं ती लाट मोडायला त्याच वेगाने पुन्हा त्याच रेषेत जातात आणि लाट पक्की करतात. उस्ताद गिअर उतरवतो, थोडा तिरका घुसतो.

पुढची चाकं वाऱ्याने कलल्यासारखी तिरपी का, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. तिरक्या पात्यावरून माती एका बाजूला ढकलली जाते, तेव्हा तीच माती यंत्राला उलट्या बाजूला रेटते. चाकं मातीच्या प्रवाहाकडे कलवली की तो रेटा तोलला जातो. अमेरिकेत जे. डी. ॲडम्स यांनी १८८५ मध्ये ही कललेल्या चाकांची युक्ती काढली, तेव्हा ग्रेडरला जनावरं जुंपत. कॅटरपिलरने १९२८ मध्ये रसेल कंपनी विकत घेतली आणि १९३१ मध्ये ‘ऑटो पट्रोल’ आणला, तिथून आजच्या ग्रेडरचं रूप ठरलं. जनावरं गेली, चाकांचा कल तेवढा राहिला.

‘उस्ताद, पंधरा वर!’ पातळी मोजायची उभी पट्टी, म्हणजे स्टाफ, धरलेला पोरगा ओरडतो. पलीकडे लेव्हल लावून बसलेला सर्व्हेअर वहीत आकडा टाकतो. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनप्रमाणे सबग्रेडची, म्हणजे रस्त्याच्या तळाशी दाबलेल्या मातीच्या थराची, पातळी ठरल्यापेक्षा २० मिमी वर किंवा २५ मिमी खाली चालते. त्यावरच्या खडीच्या थराला, म्हणजे जीएसबीला, १० वर आणि २० खाली. वरच्या बाजूला सूट कमी, कारण बेड वर राहिला की त्यावरचा थर तेवढा पातळ होतो आणि इंजिनिअर सही करत नाही. खाली राहिला तर ठेकेदाराच्या कपाळाला आठी. १० मीटर रुंदीचा बेड किलोमीटरभर नुसता १० मिमी खाली राहिला, तर दाबून बसलेली १०० घनमीटर खडी जास्तीची लागते. सात-आठ हायवा डंपर! उस्तादाचं पातं रोज या दोघांच्या मधून चालतं.

रोलर फिरलेल्या जागी सेंटीमीटरभर खाली दिसलं, तर वर मुरूम पसरून दाबून टाकावासा वाटतो. ते करायचं नाही. दाबलेल्या पृष्ठभागावर पातळ भर चिकटत नाही. चार दिवसांत पापुद्रा निघतो. तिथे आधी खालचं उकरावं लागतं, पाणी मारून, मिसळून पुन्हा बसवावं लागतं. म्हणून जाणता ऑपरेटर बेड मुद्दाम किंचित वर ठेवतो आणि शेवटी छिलून पातळीला आणतो. छिलणं सोपं, भरणं महाग.

किती फेऱ्या मारायच्या, यातही हात दिसतो. खडीचा थर पात्याने पुन्हा पुन्हा इकडून तिकडे लोटला की मोठे दगड कडेला घरंगळतात, बारीक चुरा मध्ये राहतो. वरून गुळगुळीत दिसतं आणि आतून विस्कटलेलं असतं. आपल्याकडे ‘अजून एक हात मार’ ही साईटवरची लाडकी आज्ञा आहे. ती देणाऱ्याला हे ठाऊक नसतं. पाण्याचंही तसंच. मुरूम मुठीत आवळला की गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये, अशी उस्तादाची परीक्षा. लॅबवाला ओलावा मोजून टक्के सांगतो, आणि बहुतेक वेळा दोघांचं जमतं.

सरळ रस्त्यावर मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना अडीच टक्के ढाळ, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनला जवळजवळ नऊ सेंटीमीटर. वळण आलं की बाहेरची बाजू हळूहळू वर यायला लागते, मधला उंचवटा विरतो आणि सगळा रस्ता एकाच अंगाला कलतो. सात टक्के कल असेल तर सात मीटर रुंदीत तब्बल ४९ सेंटीमीटरचा फरक. हा बदल कुठेही धक्का न देता पसरवायचा. पातळी दाखवणाऱ्या खुंट्या ठरावीक अंतरावर असतात, मधली जमीन ऑपरेटरच्या भरवशावर.

आता मोठ्या कामांवर पात्याला उपग्रहाचे रिसीव्हर लागतात. रस्त्याचा आराखडा यंत्रात भरलेला, पातं आपोआप वर-खाली होतं, खुंट्यांची गरज उरत नाही. उस्तादाने असं यंत्र चालवलंय आणि त्याला ते आवडलं; रात्री पाठ कमी दुखते, हे त्याने पहिलं सांगितलं. यंत्राला पातळी कळते. माती ओली आहे, खडी विस्कटतेय हे अजून उस्तादालाच बघावं लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आलं. त्या संध्याकाळी त्याने मोकळी माती कडेला नेली, ढाळ नीट केला आणि रोलरने बेड गुळगुळीत दाबून घेतला, म्हणजे पाणी आत न मुरता वाहून जाईल. पातं जमिनीवर टेकवून यंत्र बंद केलं. रात्री पाऊस झाला.

सकाळी तो बूट घालून बेडवरून चालत निघाला, मागे सर्व्हेअर. पावसाइतकी बारीक लेव्हल कुणी घेत नाही. अर्धा किलोमीटर कोरडं होतं. मग एका ठिकाणी परातीएवढं पाणी साचलेलं. सर्व्हेअरने स्टाफ धरून पाहिलं: आठ मिमी खाली. ‘पास आहे, उस्ताद.’ उस्तादाने बोट बुडवून पाहिलं, आदल्या दिवशी कुठल्या फेरीत पात्याचं टोक इथे टेकलं असेल ते आठवायचा प्रयत्न केला. वाळेपर्यंत यंत्र घालता येणार नव्हतं. त्याने डबक्याच्या कडेला खुणेचा एक दगड ठेवला आणि दोघं चहाला गेले.