भरली का गं?

मोबाईलची बॅटरी वीस टक्क्यांवर आली की माझा जीव वरखाली होतो. कॅफेत शिरल्यावर मी आधी प्लग पॉइंट शोधते, मग मेनू कार्ड. तुमचंही तसंच असणार, खोटं नका बोलू! पण आमच्या घरात अशीही एक बॅटरी होती, जिच्याकडे मी दोन महिने ढुंकून पाहिलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

आम्ही वेसाव्याचे कोळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तेवढे दिवस बोट किनाऱ्यावर शाकारलेली आणि तिची बॅटरी मुक्कामाला आमच्या घरी. १२ व्होल्टचं ते जडशीळ धूड टीव्हीखाली लाकडी फळीवर बसतं. ‘फरशीवर नको ठेवू, फरशी चार्ज खाते,’ इति बाबा. मी लगेच गुगल करून त्यांना ऐकवलं, की ही जुन्या रबरी डब्यांच्या काळातली गोष्ट. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. फळी तिथेच राहिली.

२०२३च्या पावसाळ्यात बाबांच्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स झाली. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. साहजिकच बॅटरीचं खातं माझ्याकडे आलं. काम काय, तर आल्या आल्या फुल चार्ज करायची, मग महिन्यातून एकदा चार्जरला लावायची, झाकणं उघडून पाणी बघायचं आणि कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बस्स. पण माझ्या डेडलाइन्स चालू होत्या. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेल्या मुलीनं बॅटरीला पाणी घालत बसायचं? करू उद्या, करू परवा...

३१ जुलैला रात्री आठवण झाली! धावतपळत चार्जर लावला. दोन तासांतच हिरवा दिवा लागला. काढल्या काढल्या मीटर लावला, तर १२.८! मी खूश.

‘भरली का गं?’ बाबांनी विचारलं.

‘भरली,’ मी म्हणाले. दोन महिने ती तशीच पडून होती, हे मात्र नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बोट गेली. धक्क्यावर इंजिन एका दमात सुरू झालं. समुद्रात जाळं टाकून त्यांनी ते बंद केलं. रात्रभर दिवे, जीपीएस आणि वायरलेस त्याच बॅटरीवर. पहाटे चावी फिरवली, तर नुसतं ‘टक’. वायरलेसही मुका. मोबाईलला रेंज नाही. बोटीवर बाबा आणि तीन खलाशी. दुपारी दुसऱ्या एका बोटीला त्यांनी फडकवलेला शर्ट दिसला आणि तिनं त्यांना ओढत आणलं. तोवर आई धक्क्यावर उन्हापावसात उभी होती. मी तिच्या शेजारी, मोबाईल शंभर टक्के चार्ज करून. कुणाला फोन लावणार?

बाबा उतरले. मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुरुस्तीवाल्या काकांनी नंतर माझी शाळा घेतली. हंगाम संपताना बॅटरी अर्धी रिकामीच घरी आली होती. रिकामी बॅटरी पडून राहिली की प्लेट्सवर सल्फेट धरतं. ताजं असेल तर चार्जिंगनं जातं, खडा झाला की बसलंच. मग बॅटरीत जागाच उरत नाही, म्हणून ती झटकन ‘भरते’ आणि झटकन संपते. आणि ते १२.८? चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा वरवरचा असतो. रात्रभर बॅटरी सोडून ठेवायची आणि सकाळी मोजायचं. १२.६च्या वर असेल तर भरली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२च्या खाली म्हणजे रिकामीच समजा.

नवी बॅटरी मी माझ्या मानधनातून घेतली. बाबांनी आणखी एक जोडली, मध्ये स्विच बसवला. आता एक फक्त स्टार्टरसाठी, दुसरी दिव्यांसाठी आणि वायरलेससाठी. मी दर महिन्याच्या १५ तारखेचा अलार्म लावला. खिडकी उघडी ठेवते, देवापुढचा दिवा विझलाय ना बघते, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन पेट घेतो. पाणी चार्जिंगनंतर घालते, नळाचं तर कधीच नाही. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पुसून वर पेट्रोलियम जेली लावते.

तरी २०२४च्या पावसाळाभर बाबा माझ्यामागून स्वतः मीटर लावून बघायचे. गपचूप, मी झोपल्यावर. मला कळायचं. लागायचंही. पण बोलणार कुठल्या तोंडानं?

पुढच्या वर्षी, २०२५मध्ये, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी चार्जर काढत होते. बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘भरली का गं?’

दोन वर्षांनी हा प्रश्न आला होता. हिरवा दिवा लागलेला होता, ‘हो’ अगदी ओठांवर होतं.

‘सकाळी सांगते, बाबा,’ मी म्हणाले.

त्यांनी पेपरचं पान उलटलं. त्या रात्री मीटर त्यांच्या नव्हे, माझ्या उशाशी होता.