बोटीच्या क्रमानं

हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी. माझ्या आत्याला हा क्रम आजही पाढ्यासारखा पाठ आहे. तिचं वय ७९. लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं, पण मे महिन्याची सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत बसायचं आणि रत्नागिरीच्या घरी यायचं, हे ठरलेलं. पत्र्याची ट्रंक, वळकटी, उलटी होऊ नये म्हणून फडक्यात बांधलेली आवळासुपारी. एकेक बंदर येई, बोट किनाऱ्यापासून लांब नांगर टाकून उभी राही, किनाऱ्यावरून पडाव येत आणि माणसं त्यांत उतरत.

ते उतरणं आत्या अजून हातवारे करून सांगते. पडाव लाटेबरोबर पुरुषभर खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. खलाशी मुलांच्या दंडाला घट्ट धरून उभा राही. पडाव खाली असताना पाय टाकायचा नाही. तो वर आला की खलाशी ओरडायचा, "आता!" त्या एका शब्दावर उडी घ्यायची. उशीर केला तर मध्ये पाणी.

मी रत्नागिरीतच जन्मले आणि वाढले. मुंबईला जाणं म्हणजे माझ्यासाठी आधी रातराणी एसटी आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर गाडी. मांडवीच्या वाळूत खेळले, भगवतीच्या किल्ल्यावरून शेकडो सूर्यास्त पाहिले. पण समुद्रावरून माझं गाव कसं दिसतं, ते पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

गेल्या डिसेंबरात इथल्या काही इतिहासप्रेमींनी दोन दिवसांची सागरी सहल ठरवली. कल्पना साधी होती. आगबोटी कधीच बंद झाल्या, पण त्यांचा क्रम तरी पाळायचा. हर्णैपासून सुरुवात करून बंदरामागून बंदर घेत रत्नागिरीला यायचं, रस्ता लागेल तिथे बस आणि पाणी लागेल तिथे बोट. वाटाड्या म्हणून इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक. आम्ही १८ जण होतो, त्यांत सगळ्यांत मोठी आत्या. तिला झेपेल का, म्हणून मी कां कूं करत होते. ती म्हणाली, "अगो, चार वर्षांची असताना केलाय हा प्रवास. आता नाही झेपायचा?"

हर्णैच्या पुळणीवरून सुवर्णदुर्ग अगदी हाताशी वाटतो. छोट्या होडीतून निघालो. निम्म्या वाटेवर सरांनी होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं आणि आम्हाला म्हणाले, "किल्ला राहू दे. आधी मागे वळून गाव बघा."

वळून पाहिलं. एका बाजूला पाण्यात घुसलेल्या टेकाडावर कनकदुर्ग आणि त्यावरचं दीपगृह, पलीकडे फत्तेगड, गोवा किल्ल्याचा तट, मधल्या बाकात नांगरलेल्या रंगीत होड्या, त्यांच्या मागे माडांची रांग आणि माडांच्या आड घरं. सकाळी बसनं आलो तेव्हा हेच हर्णै अरुंद रस्त्याचं आणि दुकानांच्या गर्दीचं वाटलं होतं. आता ते आमच्याकडे तोंड करून बसलं होतं.

"हे गावाचं पुढचं दार," सर म्हणाले. "रस्त्यानं येतो ते आपण मागीलदारानं येतो."

कोकणातल्या माणसाला मागीलदार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मागीलदारी विहीर, चूल, लाकडांचा ढीग. घरातली माणसं तिथून वावरतात, पण घराचा तोंडवळा कळतो तो अंगणातून, ओटीवरून. मी जन्मभर माझ्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात मागीलदारानं शिरत आले होते. दोन दिवस ते वाक्य माझ्या मनातून हललं नाही.

सुवर्णदुर्गाला धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उतरून पुळणीवर जावं लागतं. दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलेला की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीत मारुती. आत्या त्या कासवाजवळ वाकली, त्याच्या पाठीवरची वाळू तिनं बोटांनी बाजूला केली आणि मगच पाऊल पुढे टाकलं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५५ च्या एप्रिलात इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं ते घेतलं, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, कारण तुळाजी आंग्र्यांशी त्यांचं बिनसलं होतं. पुढच्याच वर्षी विजयदुर्गही पडला आणि तिथलं आंग्र्यांचं आरमार जळालं. सर हे सांगत होते तेव्हा कुणी फोटो काढत नव्हतं. समुद्राकडचं दार राखणारी माणसं आपणच गमावली, हे त्या तटाखाली उभं राहून ऐकणं जड जातं.

संध्याकाळी हर्णैच्या पुळणीवर मासळीचा लिलाव पाहिला. मोठ्या होड्या काठाला लागू शकत नाहीत, म्हणून त्या आत उभ्या राहतात आणि बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात. बैलांच्या पोटाला पाणी लागलेलं, गाडीवान उभ्यानं कासरा धरलेला, वरून टोपल्या उतरतायत. काठावर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग आणि त्यांभोवती कोळणींचा आवाज. आत्या बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आम्हालाही असंच उतरवून घ्यायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळ. वाशिष्ठीचं मुख इथे एवढं रुंद आहे की पलीकडचं धोपावे धुक्यात पुसट दिसत होतं. आज दाभोळ हे माडांत दडलेलं शांत गाव आहे. पण बहमनी काळात आणि पुढे विजापूरच्या आदिलशाहीत हे पश्चिम किनाऱ्यावरचं मातबर बंदर होतं. अरबस्तानातून घोडे इथे उतरत, हजचे यात्रेकरू इथून जहाजात बसत. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितीन १५ व्या शतकात चौलला उतरला, बिदरपर्यंत फिरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. त्याच बंदरावर १५०८ च्या डिसेंबरअखेरीला पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडा चालून आला. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. सूड घ्यायला दीवकडे निघालेल्या त्या बापानं वाटेतलं दाभोळ जाळून बेचिराख केलं.

जेटीपासून जवळच शाही मशीद आहे. गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. मोठा घुमट, चार कोपऱ्यांना मिनार, आणि भोवती माडच माड. विजापूरची एक शाहजादी मक्केला निघाली होती, पण समुद्रावरच्या धोक्यामुळे तिला दाभोळातच थांबावं लागलं. यात्रेसाठी आणलेलं धन तिनं या मशिदीला लावलं, अशी कथा इथे सांगतात. मी घुमटाखाली उभी राहिले. बाहेर लाटांचा आवाज होता, आत तोच आवाज घुमून परत येत होता. जी यात्रा झाली नाही तिची ही खूण, हे मनाला लागलं. त्याच गावात चंडिकादेवीचं गुहेतलं मंदिर आहे. तिथल्या अंधारात समईच्या उजेडात हात जोडले. समुद्रावर जाणारा माणूस मागे कुणावर तरी भरवसा ठेवून जातो. दाभोळनं त्या भरवशाला दोन्ही घरं बांधून दिली.

दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या गावाला गाडीनं जायचं तर चिपळूणला वळसा घालावा लागे. आमची बस, दोन टेम्पो, पाचपन्नास दुचाक्या आणि आम्ही सगळे एकाच बोटीवर चढलो. साखळ्या खडखडल्या, लोखंडी फळा वर उचलला गेला आणि किनारा सुटला. मुखाच्या दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड दिसू लागला.

सरांनी इथेच खाड्यांचं गणित समजावलं. नदीच्या मुखाशी किल्ला आणि जकातीचं ठाणं. भरतीचं पाणी जिथपर्यंत चढतं तिथे बाजारपेठ. त्यामागे घाट. वाशिष्ठीतून भरतीबरोबर मालाचे मचवे चिपळूणला जात, तिथून बैलांच्या पाठीवर माल कुंभार्ली घाट चढे. शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड आणि वर संगमेश्वर, तीच रचना. "ही गावं रस्त्यानं जोडायला गेलात तर दर दहा-पंधरा कोसांवर एक खाडी आडवी येते," ते म्हणाले. "पाण्यानं जोडलीत तर तीच खाडी वाट होते." लहानपणापासून ऐकत आले होते की कोकण दुर्गम. त्या बोटीवर मला पहिल्यांदा वाटलं की आम्ही दुर्गम नव्हतो, आमची वाट पाण्यातून होती आणि आम्ही ती सोडली.

गुहागरला जेवून तवसाळला आलो आणि दुसऱ्या फेरीबोटीनं शास्त्रीचं मुख ओलांडून जयगडला उतरलो. इथे समुद्र आजही कामाला लागलेला आहे. वीजप्रकल्पासाठी कोळसा आणणारी प्रचंड जहाजं बंदरात येतात. त्यांच्याजवळून जाणारी मासेमारीची होडी तांदळाच्या दाण्याएवढी दिसते. टेकाडावरचा विजापूरकरांनी बांधलेला जुना कोट, त्याचा खंदक आणि खाली हे नवं बंदर. किल्ला ओस पडला, पण त्यानं निवडलेली जागा बरोबर होती, हे अजून सिद्ध होतंय.

पाच वाजायच्या आत मांडवीला पोहोचलो. इथे आमच्यासाठी एक लाँच ठरवली होती. मांडवी म्हणजे जकातीची जागा, त्यावरूनच या भागाला नाव पडलं. सकाळची मतलई केव्हाच पडली होती आणि खारा वारा सुटला होता, त्यामुळे लाँच डुलत होती. आत्या माझा हात न धरता बाकावर बसली, पदर खोचला आणि समोर बघत राहिली.

मिरकरवाड्याच्या डोलकाठ्यांचं रान मागे पडलं. लाँच दीपगृहाच्या कड्याखाली आली. ज्या बुरुजावरून मी शेकडो वेळा खाली पाहिलं तो आता माझ्या डोक्यावर होता. खाली कातळात समुद्रानं पोखरलेली गुहा, लाट आत शिरली की पोटातून आल्यासारखा हुंकार. रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा आहे हे शाळेत शिकले होते. ते पाण्यावरून जाताना अंगानं कळलं. भगवतीचा डोंगर, मधली खिंड, दीपगृहाचं टोक, सगळं मिळून गावाभोवती टाकलेला एक हात.

लाँच वळली आणि रत्नागिरी समोर आली. मांडवीची काळी वाळू, राजिवडा, भाट्याची खाडी, वर जांभ्याचा कडा आणि झाडीत हरवलेली कौलं. सरांनी कड्याकडे बोट केलं, थिबा पॅलेस तिकडे आहे. १८८६ मध्ये ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी जहाजानं इथे आणलं. हा राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० साल उजाडलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. ३० वर्षं त्यानं याच पाण्याकडे पाहिलं असेल. आत्याला जे दार घरचं, तेच त्याला कैदेचं. त्याच्या थडग्यावरून मी शेकडो वेळा गेले असेन, पण तो कुठल्या बाजूनं आला होता, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

आत्या हळू आवाजात बोलू लागली. "बोटीवरून आधी दीपगृह दिसायचं. मग आई म्हणायची, केस विंचरून घ्या, आजोबा बंदरावर उभे असतील." ती १७ जुलै १९४७ ला बुडालेल्या रामदास बोटीबद्दलही बोलली. शेकडो माणसं गेली, तेव्हा ती तान्ही होती. पुढे प्रत्येक प्रवासात बोट सुटली की तिची आई डोळे मिटून हात जोडायची आणि नांगर पडेपर्यंत सोडायची नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी बंद होत. सुट्टी लांबली तर कोल्हापूरमार्गे जावं लागे. तिला तो प्रवास आठवत नाही. बोटीचा मात्र प्रत्येक टप्पा आठवतो.

सूर्य बुडाला तेव्हा लाँच जेटीला आली. पाणी उसळत होतं. लाँचची कड जेटीच्या पायरीपासून हातभर खाली जाई आणि पुन्हा वर येई. खलाशी विशीतला पोरगा. त्यानं आत्याच्या दंडाला धरलं. "चला आजी."

"थांब," आत्या म्हणाली. "अजून नाही."

लाँच खाली गेली. तिनं पाण्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. पुढची लाट आली, कड वर चढली, पायरीला भिडली.

"आता," ती स्वतःशीच म्हणाली आणि पाऊल टाकलं.

मी तिच्या मागोमाग उतरले. ती जेटीवर उभी राहून गावाकडे बघत होती, जिथे कुणीतरी कंदील घेऊन उभं असायचं तिकडे. मी रिक्षा बोलावते म्हटलं, तर तिनं हात केला.

"रिक्षा कशाला? बंदरावरून घरी चालतच जायचं असतं."